नजरेचे मोहल्ले

घरातल्या मुलांना जवळ बसवून एक छोटा प्रयोग करून पाहा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा तळहाताने झाका. कागद हातभर लांब धरा, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर आला की ठिपका गायब होतो. आणखी जवळ आणला की पुन्हा येतो. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग कागदासाठी भांडतात.

हा खेळ साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समधल्या मारिओत नावाच्या अभ्यासकाने १६६० च्या दशकात तो जगापुढे आणला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून जिथे नस बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तेवढा तुकडा प्रत्येक डोळ्याला जन्मापासून आंधळा असतो आणि तो लहानही नाही. आकाशात दहा पूर्ण चंद्र एका रांगेत मांडले तर ते त्यात मावतील. तरीही आयुष्यभर कुणाला तिथे भोक दिसत नाही. ठिपका गेला तेव्हा त्याच्या जागी काळा डाग आला का? नाही. तिथे कागदाचा पांढरा रंग आला. रेघांची वही घेतली असती तर रेघासुद्धा सलग दिसल्या असत्या. जिथून खबर येत नाही, तिथे आजूबाजूचा रंग भरून मेंदू मोकळा होतो.

ही गंमत मुलांपुरती ठेवली तर गंमतच आहे. पण ठाणे, मुंब्रा, कल्याणच्या आमच्या घरांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली जी माणसं आहेत, त्यांच्या डोळ्यांच्या बाबतीत मेंदूची हीच सवय घात करते. त्यासाठी आधी डोळा बघतो कसा, हे थोडं समजून घ्यावं लागेल.

बहुतेकांना वाटतं की डोळा म्हणजे कॅमेरा. पुढे भिंग, मागे पडदा, पडद्यावर चित्र, आणि ते चित्र तारेवरून मेंदूकडे. भिंग आणि पडद्यापर्यंत हे ठीक आहे, पण पुढे चित्र कुठेच जात नाही. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि शंकूपेशी सुमारे ६० लाख असतात. त्यांच्याकडून खबर गोळा करून मेंदूकडे नेणाऱ्या गँग्लियन पेशी मात्र जेमतेम १० ते १२ लाख. या पेशींचे लांब धागे एकत्र बांधले की डोळ्याची नस तयार होते. म्हणजे शंभराहून जास्त जणांचं म्हणणं एकाने पुढे न्यायचं. मग प्रश्न येतो की कोणी कुठल्या भागाची खबर न्यायची, आणि कुठलाही कोपरा सुटणार नाही हे कोण पाहणार?

आम्हाला याचं उत्तर आपल्या शहराच्या नकाशात सापडतं. राबोडीतलं किंवा कौसातलं एक घर घ्या. ते महापालिकेच्या एका प्रभागात येतं, एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं, एका रेशन दुकानाला जोडलेलं असतं आणि एका मतदान केंद्राच्या यादीत असतं. प्रत्येक खात्याने सगळं शहर आपापल्या परीने वाटून घेतलेलं आहे. एका खात्याच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांशी जुळत नाहीत, त्यांना त्याची गरजही नाही. पण एका खात्यापुरतं पाहिलं तर घर कुठल्यातरी एका हद्दीत असणारच.

डोळ्याच्या पडद्यावर अगदी असंच आहे. गँग्लियन पेशी एकाच प्रकारच्या नाहीत. १९८१ मध्ये वेस्ले, पाइश्ल आणि बॉयकॉट या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पडद्यावर दाखवून दिलं की एका प्रकारच्या पेशींच्या फांद्या शेजाऱ्याच्या फांद्यांना जाऊन भिडतात आणि मिळून सगळा पडदा झाकतात. त्याच जागेवर दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी आपली वेगळी फरसबंदी घातलेली असते. एक खातं उजेड वाढला की कळवतं, दुसरं अंधार वाढला की. सशाच्या पडद्यावर १९६० च्या दशकात अशा पेशी सापडल्या, ज्या एका ठरावीक दिशेने काही सरकलं तरच बोलतात, उलट दिशेने सरकलं तर गप्प. उंदराच्या पडद्यावर २०१६ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासकांनी ३० हून जास्त प्रकार मोजले. एक खातं तर असं आहे की त्याला चित्राशी काही घेणंदेणंच नाही. ते फक्त एकूण उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला सांगतं, म्हणजे शरीराला दिवस-रात्र कळावी. सस्तन प्राण्यांत या पेशी प्रकाशाला स्वतःच दाद देतात, हे २००२ मध्ये सिद्ध झालं.

या हद्दी चौकोनी, आखीव असतील असं वाटलं होतं. तसं निघालं नाही. अमेरिकेतल्या साल्क संस्थेतले गोतिए, चिचिल्निस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या पडद्याचा तुकडा ५१२ बारीक विद्युताग्रांच्या जाळीवर ठेवून एका वेळी कित्येक पेशींचं बोलणं ऐकलं. ही जाळी मुळात मूलकण टिपणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या तंत्रातून आलेली. २००९ मध्ये त्यांनी जे छापलं ते पाहून आम्हाला तर आपल्या वॉर्डांचे नकाशेच आठवले. प्रत्येक पेशीची हद्द वेडीवाकडी असते. कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली, जशी नाला आणि रेल्वे लाइन आडवी आली की वॉर्डाची रेषा वळसा घेते. पण एकीचा फुगवटा नेमका शेजारणीच्या खाचेत बसतो. एकेक पाहिली तर ओबडधोबड, सगळ्या मिळून मात्र मैदान जवळजवळ सारखं झाकलेलं. फट नाही आणि फुकटची गर्दीही नाही. (महापालिकेच्या प्रभागरचनेबद्दल एवढं म्हणण्याची आमची तयारी नाही.)

आणखी एक गोष्ट. ही पेशी आपल्या हद्दीत किती उजेड आहे हे सरळ सांगत नाही. स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या पडद्यावर केलेल्या प्रयोगात दिसलं की पेशी आपल्या मधल्या भागाची तुलना सभोवतालशी करते आणि फरक असेल तरच जोर लावते. म्हणून तर हा अंक ट्यूबलाइटखाली वाचा की गच्चीवरच्या उन्हात, अक्षर काळं आणि कागद पांढराच दिसतो, जरी उन्हातल्या काळ्या अक्षरावरून येणारा प्रकाश ट्यूबलाइटखालच्या पांढऱ्या कागदापेक्षा जास्त असला तरी.

आता हद्दींच्या आकाराकडे वळू. मुंब्र्यात दोन-तीन इमारतींत मतदानाची एक यादी भरते. तीच यादी मुरबाडकडच्या खेड्यात अख्खं गाव आणि शेजारचे पाडे पोटात घेते. पडद्यावरही दाट वस्ती आणि विरळ वस्ती असते. अगदी मधोमध एक छोटा खळगा आहे. तिथे शंकूपेशी एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाखांच्या आसपास दाटलेल्या असतात आणि तिथली एकेक शंकूपेशी आपली खबर स्वतंत्र धाग्याने पाठवते. मधून कडेकडे जावं तशी एका गँग्लियन पेशीची हद्द मोठी होत जाते, आणि शेवटी शेकडो पेशींची खबर एकाच धाग्यावर येते. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचं नख पाहा. सगळ्या नजरेत बारीक दिसतं ते साधारण तेवढ्याच तुकड्यात. बाकी सगळीकडे जाडंभरडं चित्र असतं. या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखून तीन शब्द पलीकडचं अक्षर वाचून पाहा, लगेच कळेल.

२९ च्या चांदरातीला गच्चीवर काय होतं ते आठवा. कौसाच्या इमारतींवर, भिवंडीत, कल्याणच्या खाडीकडे तोंड करून सगळे उभे. मगरिबनंतरची पिवळट झाक, आणि शोधायची आहे ती दोऱ्याएवढी कोर. पंचवीस माणसं बघतायत आणि कुणालाच दिसत नाही. मग एक पोरगं ओरडतं, "तो टॉवर आहे ना, त्याच्या टोकाच्या जरा डावीकडे, वरती!" आणि बघता बघता सगळ्यांना दिसते. कोर आधीही तिथेच होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तिचा प्रकाशही शिरत होता. पण तो पडत होता कडेच्या मोठ्या हद्दींवर, जिथे एवढा बारीक फरक हरवून जातो. नजर नेमकी रोखली की कोर मधल्या खळग्यावर आली. बोट दाखवणाऱ्याने इतकंच केलं की प्रत्येकाला आपली दाट वस्ती कुठे न्यायची ते सांगितलं.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये या दोन प्रकारच्या पाहण्यात फरक केला होता. एक नुसती नजर टाकणं आणि दुसरं नजर फिरवत, एकेक भाग मधल्या रेषेवर आणत निरखणं. डोळ्यातून किरण बाहेर जातात हा जुना समज मोडून, वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून प्रकाश डोळ्यात येतो हे त्यांनी पक्क्या पायावर मांडलं. चित्र पडद्यावर पडतं हे मात्र त्यांच्या हाती लागलं नव्हतं. त्यांनी ते काम भिंगाकडे दिलं होतं, आणि पडद्याचा मान १६०४ मध्ये केप्लरने मिळवून दिला. पडद्याचं नाव मात्र अरबीतूनच गेलं. अरबी वैद्य त्याला शबकिया म्हणत, म्हणजे जाळीदार. लॅटिनमध्ये त्याचा अनुवाद झाला आणि त्यातून रेटिना हा शब्द आला. गँग्लियन पेशींच्या हद्दी कुणी पाहायच्या कितीतरी आधी या पडद्याला जाळं म्हटलं गेलं, हे आम्हाला मोठं मजेशीर वाटतं.

दाट वस्ती मधोमध गोल असावी हा काही सगळ्यांचा नियम नाही. बकरी ईदच्या आधी दारात बांधलेल्या बकऱ्याच्या डोळ्यात कधी नीट पाहिलंय? बाहुली आडवी असते, पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी. त्याच्या पडद्यावर गँग्लियन पेशींची दाटीही आडव्या पट्ट्यात असते, म्हणजे क्षितिजावर कुठूनही काही आलं तरी ते त्या पट्ट्यावर पडावं. चारा खायला मान खाली घातली तरी त्याचे डोळे खोबणीत फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. मुलांना हे दाखवा, मात्र बकऱ्याला चारा घालून.

काला मोतिया

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. आमच्या इमारतीत एक चाचा आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दोन-तीन वर्षांपासून स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय चुकायचा. दस्तरखानवर बसले की पाण्याचा ग्लास सांडायचा. चाची हसायच्या, म्हणायच्या, यांचं लक्ष कुठे असतं अल्लाह जाणे. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर तपासला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा चाचा घडाघडा वाचत. दुकानदार म्हणाला, नजर उत्तम आहे. तक्त्यापुरतं ते खरंच होतं.

कारण तक्त्यावरचं अक्षर मधल्या खळग्यावर पडतं. अक्षर वाचता येणं म्हणजे दाट वस्तीतली माणसं हजर आहेत एवढंच कळणं. बाहेरच्या मोहल्ल्यांत काय चाललंय, हे तक्ता विचारतच नाही. मराठीत ज्याला काचबिंदू म्हणतात आणि आमच्या घरांत काला मोतिया, तो आजार बहुतेक वेळा बाहेरच्या मोहल्ल्यांपासून सुरू होतो. डोळ्यातला दाब, नसेला होणारा रक्तपुरवठा, वय अशा कारणांनी गँग्लियन पेशींचे धागे नस बाहेर पडते तिथे दुखावतात आणि पेशी मरतात. दाब मोजला तर नेहमीच्या मर्यादेत आहे आणि तरीही पेशी मरतायत, असंही होतं. मेलेली गँग्लियन पेशी परत येत नाही. तिच्या जागी दुसरी घालण्याचं औषध किंवा ऑपरेशन आज नाही.

आणि तक्रार कोण करणार? एक पेशी मेली तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्याच जागेवर अजून असतात. एका डोळ्याची हद्द गेली तरी बराचसा भाग दुसरा डोळा झाकतो. दोन्हीकडून गेलं की मेंदू मघाच्या कागदासारखा आजूबाजूचा रंग भरून देतो. लंडनमध्ये २०१३ मध्ये काचबिंदूच्या ५० रुग्णांना विचारलं की तुम्हाला जग कसं दिसतं. पुस्तकांत छापतात तसा काळा बोगदा एकालाही दिसत नव्हता. कुणी म्हणालं धूसर, कुणी म्हणालं काही गोष्टी असतातच, पण दिसत नाहीत. रस्ता ओलांडताना जी मोटरसायकल दिसलीच नाही, ती दिसली नाही हे माणसाला कळणार कसं?

मशीनवरच्या चाचणीत दोष उमटायला लागेपर्यंत साधारण २५ ते ३५ टक्के गँग्लियन पेशी गेलेल्या असतात, असं मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये तज्ज्ञांनी मांडला. आंध्र आणि तामिळनाडूतल्या पाहण्यांत ज्यांना तो निघाला, त्यांपैकी दहातल्या नऊ जणांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

आपल्याकडे एक गोंधळ हमखास होतो. सफेद मोतिया म्हणजे मोतीबिंदू, त्यात भिंग गढूळ होतं आणि ऑपरेशननंतर नजर परत येते. गेल्या कित्येक वर्षांत सरकारी कार्यक्रमांनी आणि शिबिरांनी लाखो लोकांची ही नजर परत आणली, ते मोठंच काम आहे. पण त्यातून एक समज पसरला की म्हातारपणी अंधुक दिसतं म्हणजे मोतिया आहे, पिकला की काढू. मोतीबिंदूत थांबल्याने फारसं बिघडत नाही. काला मोतिया असेल तर थांबलेल्या प्रत्येक महिन्यात काही मोहल्ले कायमचे जातात. दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं, की नस तपासली का.

काचबिंदूचा आणखी एक प्रकार आहे जो गप्प बसत नाही. डोळा एकाएकी लाल होतो, भयंकर दुखतो, डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. त्या रात्री डोकेदुखीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. तासाभराचासुद्धा फरक पडतो.

जोखीम कुणाला जास्त? ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काला मोतिया आहे त्यांना कैक पटींनी जास्त. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे त्यांना. मधुमेह्यांनी तर असंही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायला हवा, कारण साखर पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या वेगळ्याच वाटेने खराब करते. आणि एक जोखीम आपण मेडिकलमधून विकत आणतो. मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात, दुकानदार एक बाटली देतो, दोन दिवसांत आराम पडतो. मग दर वेळी तीच बाटली आणली जाते, महिनोन् महिने. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर काही मुलांच्या डोळ्यांतला दाब चढतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची नस सुकते. घरातल्या जुन्या बाटलीवर काय लिहिलंय ते आजच पाहा. नाव कळत नसेल तर डॉक्टरांना बाटलीच नेऊन दाखवा.

तपासणीत काय होतं

आमचे चाचा अखेर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, ते त्यांच्या मुलीने हट्ट धरला म्हणून. बाहुली मोठी करून नस पाहिली, दाब मोजला, आणि मग 'फील्ड' करायला सांगितलं. या चाचणीचं शास्त्रीय नाव परिमेट्री, मराठीत दृष्टिक्षेत्र तपासणी. एक डोळा झाकून अर्ध्या कलिंगडासारख्या पांढऱ्या वाडग्यात पाहायचं, नजर मधल्या दिव्यावर रोखायची आणि कुठेही बारीक ठिणगी चमकलीशी वाटली की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच-सात मिनिटं लागतात.

हे मशीन डोळ्याचीच युक्ती वापरतं. सगळीकडे विचारणं शक्य नाही म्हणून ते नमुना घेतं. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ५४ ठिकाणी प्रकाश टाकतात, एकमेकांपासून ६ अंशांवर, म्हणजे शेजारच्या दोन ठिकाणांत बारा पूर्ण चंद्र बसतील एवढं अंतर. नाकाच्या बाजूला दोन ठिकाणं मुद्दाम जास्त घेतलेली असतात, कारण काचबिंदू पुष्कळदा तिथूनच आत शिरतो. प्रत्येक ठिकाणी उजेड कमी-जास्त करून पाहतात, की कमीत कमी किती प्रकाश कळतो. आपण नजर हलवून लबाडी तर करत नाही ना, हेही मशीन तपासतं. कसं? मारिओतच्या त्या जन्मजात आंधळ्या तुकड्यावर मधूनच एक ठिणगी टाकतं. आपण बटण दाबलं, तर नजर हलली.

पहिल्यांदा ही चाचणी देणारे घाबरतात. कितीतरी ठिणग्या दिसतच नाहीत, आपण नापास होतोय असं वाटतं. नजर उत्तम असलेल्यालाही बऱ्याच ठिणग्या दिसत नाहीत, कारण मशीन मुद्दाम दिसण्याच्या काठावरचा उजेड शोधत असतं. अंदाजाने बटण दाबत सुटू नये, एवढं पाळलं की झालं. आमच्या घरांत आणखी एक अडचण येते. सूचना मराठीत किंवा उर्दूत नीट सांगितल्या नाहीत तर दादी-नानी नुसत्या बसून राहतात, आणि कागद सांगतो की नजर गेली. सोबत गेलेल्याने आधी समजावून सांगावं, घरी मोबाइलचा दिवा कडेकडेने दाखवून थोडा सराव करून घ्यावा. ओसीटी नावाचं दुसरं यंत्र नसेच्या धाग्यांच्या थराची जाडी मोजतं. त्यात रुग्णाला काही उत्तर द्यावं लागत नाही.

जायचं कुठे? कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालयं जवळची आहेत, ठाण्याचं सिव्हिल आहे, पुढे जे.जे. आहे. निघण्याआधी नेत्रविभागात विचारून घ्यावं, की फील्डचं मशीन तिथे आहे का आणि कुठल्या दिवशी चालू असतं. तेवढा एक फोन म्हाताऱ्या माणसाची लोकलमधली एक फेरी वाचवतो. चाळिशीनंतर दर दोन-तीन वर्षांनी नस तपासून घ्यावी. घरात काला मोतिया असेल तर दर वर्षी. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या भावांनी तर यात अजिबात आळस करू नये, त्यांच्या मागे बसलेल्यांचाही प्रश्न आहे.

उपाय बहुतेकदा साधे असतात. रोज ठरल्या वेळी थेंब टाकायचे, कधी लेसर, कधी ऑपरेशन. यातलं काहीही गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतं. म्हणून लोक कंटाळतात. थेंब टाकून काही बरं वाटत नाही, डोळे चुरचुरतात, बाटली महाग, आणि तीन महिन्यांनी ती संपली की नवी आणली जात नाही. रमजानमध्ये तर अनेक जण महिनाभर थेंब बंद ठेवतात, रोजा तुटेल या भीतीने. हनफी आणि शाफई, आपल्या भागात चालणाऱ्या या दोन्ही मसलकांत डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असंच मानलं जातं. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं, आणि डॉक्टरांकडून सहरीआधी व इफ्तारनंतर अशा वेळा लावून घ्याव्यात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरला, तर औषध घशाकडे उतरत नाही आणि डोळ्यालाही जास्त मिळतं. इफ्तारला एका दमात लिटरभर पाणी प्यायल्यानेही काही जणांचा दाब तात्पुरता चढतो, ते थोडं थोडं प्यावं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग बराच गेला आहे. पायऱ्या आणि ग्लास का हुकत होते, हे कागदावर काळ्या चौकोनांत स्पष्ट दिसतं. आता ते पुलावर कठडा धरून मान खाली करून उतरतात. चाची ग्लास त्यांच्या हातात देतात. दोन मुलगे आणि मुलगी, तिघांनीही नस तपासून घेतली. त्यातल्या एकाची नस संशयास्पद निघाली, वय ४३, त्याला कसलाही त्रास नव्हता. त्याचं फील्ड दर सहा महिन्यांनी होतं. दर वेळचा कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावायचं काम चाचींनी स्वतःकडे घेतलं आहे. पहिले दोन कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवलेत, कारण डॉक्टरांनी सांगितलंय की पुढची प्रत्येक तुलना त्यांच्याशीच होणार.